पायगाडीची निवड : लांब पल्ला आणि बेताचे पैसे

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी गेल्या दिवाळीच्या आधी स्टाफरूममध्ये आली ती प्रवासवर्णनांवरील तिच्या लघुप्रबंधाची चर्चा करायला. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’विषयी बोलणे चालले होते. घरचे दारिद्र्य आणि डोक्यावरचे कर्ज यांमुळे दक्षिणेच्या आशेने वरसईहून उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक १८५७च्या धामधुमीत सापडला आणि मराठीला तिचे एक अनन्यसाधारण प्रवासवर्णन मिळाले, हे आपण सगळेच शिकवतो. वह्या आवरता आवरता ती एकदम म्हणाली, “मॅडम, आणखी एक विचारायचं होतं. पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरून सागरी रस्त्यानं गोव्यापर्यंत सायकलनं जायचंय. वीस हजारांच्या आत कोणती सायकल घेऊ?”

मी सायकलने कॉलेजात येते, एवढ्या भांडवलावर हा प्रश्न माझ्याकडे आला होता. तत्पूर्वी ती तीन दुकाने फिरली होती. पहिल्या दुकानदाराने घाटाचे नाव ऐकताच पुढे शॉकअप असलेली जाड टायरांची सायकल दाखवली. दुसऱ्याने ‘लांब जायचं म्हणजे रेसिंगचीच’ असा निर्वाळा दिला. तिसऱ्याने पल्ल्याची चौकशीच केली नाही. मुलगी पाहून मधली दांडी नसलेली, पुढे टोपली लावलेली ‘लेडीज’ पुढे केली. खास प्रवासासाठी बांधलेली सायकल मिळते का, असे विचारल्यावर ती मागवावी लागेल आणि किंमत लाखाच्या घरात जाईल, असे तिला सांगण्यात आले.

तिला तिथल्या तिथे काही सुचवणे अवघड नव्हते. परंतु या तीन उत्तरांचा विचार करताना जाणवले, की प्रश्न वाटतो तेवढा दुकानापुरता नाही. कोणती सायकल लांब पल्ल्याची, आणि ती कोणाला परवडणारी, याचा एक शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि ती तीन दुकाने त्याच इतिहासातली तीन प्रकरणे तिला ऐकवत होती. ‘परवडणे’ हे आपले क्रियापदही मोठे सूचक आहे. ते पैशाबद्दल बोलते, आणि सोसण्याबद्दलही. ‘त्यापेक्षा चालत गेलेले परवडले’ असे आपण म्हणतो तेव्हा खिशाचा संबंध असतोच असे नाही. सायकलीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ सोबतच ठेवावे लागतात. दुकानात एकदाच मोजायची ती किंमत वेगळी. पुढे प्रत्येक चढावर, प्रत्येक पंक्चरला मोजत राहायची ती वेगळी.

१.

जुन्या मराठीत सायकलला ‘पायगाडी’ म्हणत. या शब्दात वाहनाच्या आधी पाय येतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. सायकलीची सगळी तांत्रिक प्रगती ही अखेर पायाची ताकद रस्त्यापर्यंत कशी पोहोचवायची, याचीच प्रगती आहे.

सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य थॉमस स्टीव्हन्स. २२ एप्रिल १८८४ रोजी त्याने सॅन फ्रान्सिस्कोहून प्रस्थान ठेवले आणि १७ डिसेंबर १८८६ रोजी तो जपानात योकोहामाला पोहोचला. वाटेत अफगाणिस्तानातून पुढे जाऊ न दिल्यामुळे त्याला वळसा घालून हिंदुस्थानात यावे लागले आणि लाहोर ते कलकत्ता हा पल्ला त्याने ग्रँड ट्रंक रोडने काटला. त्याची सायकल होती पोप कंपनीची ‘कोलंबिया’ : पुढचे चाक पन्नास इंचांचे, मागचे चिमुकले. या उंच सायकलीला चेन नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेले असे. त्यामुळे पायाच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, म्हणजे सुमारे चार मीटर अंतर. पाय जितके लांब तितके मोठे चाक चालवता येई, आणि चाक जितके मोठे तितका वेग. चढ आला, की हा हिशेब बदलण्याची कोणतीही सोय नव्हती. उतरून चालू लागणे एवढाच उपाय. स्टीव्हन्सचा बराच प्रवास असा सायकल ढकलत झाला.

सामान म्हणून त्याच्याजवळ मोजे, एक जादा सदरा, तंबूचेही काम देणारा एक रेनकोट आणि पिस्तूल एवढेच होते. पैशाचे काय? अमेरिका ओलांडून झाल्यावर ‘आउटिंग’ या मासिकाने त्याला वार्ताहर नेमले, म्हणून उरलेले जग त्याला परवडले. म्हणजे दूरच्या सायकल प्रवासाच्या अगदी आरंभीच प्रवास, लेखन आणि सायकलविक्री यांची मोट बांधली गेली होती.

स्टीव्हन्स वाटेत असतानाच त्याची सायकल कालबाह्य होऊ लागली होती. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केंप स्टार्लीची ‘रोव्हर’ आली : दोन जवळजवळ सारखी चाके, मध्ये पायडल, आणि चेनने फिरणारे मागचे चाक. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. आजची सायकल मूलतः हीच.

आता दुसरी प्रवासिनी. बॉस्टनची ॲनी कॉपचॉव्स्की तीन लहान मुलांची आई होती. जून १८९४ मध्ये ती जगप्रवासाला निघाली ती ‘ॲनी लंडनडेरी’ या नावाने. कारण लंडनडेरी नावाच्या झऱ्याचे पाणी विकणाऱ्या कंपनीने तिला शंभर डॉलर देऊन सायकलवर पाटी लावायला आणि स्वतःचे आडनावही तेच घ्यायला सांगितले होते. आजच्या प्रायोजकांनी इतकी मागणी अजून तरी केलेली नाही. तिची पहिली सायकल स्त्रियांसाठीची ‘कोलंबिया’ होती, वजन बेचाळीस पौंड, म्हणजे सुमारे एकोणीस किलो. शिकागोपर्यंत पोहोचताना तिच्या लक्षात आले, की या गतीने जग संपायचे नाही. तिथे तिने ती सायकल सोडली आणि एकवीस पौंडांची, पुरुषांची ‘स्टर्लिंग’ घेतली. पेहरावही बदलला. सप्टेंबर १८९५ मध्ये ती शिकागोला परतली. त्यातला बराच मोठा प्रवास बोटीने झाला होता, आणि तिने सांगितलेल्या हकिकतींत तिखटमीठही भरपूर होते. पण सायकल बदलण्याचा तो निर्णय मात्र अचूक होता. स्त्रियांसाठी म्हणून जे बनवले जाते ते जवळच्या अंतरासाठी बनवलेले असते, हे तिला हजारभर मैल चालवून कळले. माझ्या विद्यार्थिनीला ते तिसऱ्या दुकानात पाच मिनिटांत कळले, हीच काय ती प्रगती.

२.

चेन आल्यामुळे एक नवी शक्यता निर्माण झाली होती. पुढच्या आणि मागच्या दातेरी चक्रांचे प्रमाण बदलले, तर पायाच्या एका फेऱ्यात जाणारे अंतर बदलते. सपाटीवर ते जास्त हवे, चढावर कमी. मग एकाच सायकलवर अशी दोन-तीन प्रमाणे का असू नयेत?

हा प्रश्न सर्वांत हट्टाने विचारला तो फ्रान्समधील सेंत-एतियेन गावच्या पॉल द व्हिव्ही यांनी. मूळचा व्यवसाय रेशमाचा. पुढे त्यांनी सायकलींचे दुकान काढले आणि १८८७ पासून सायकलविषयक नियतकालिक चालवले. ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने ते लिहीत. गावाबाहेरच हजार मीटरहून उंच खिंड होती, त्यामुळे गिअरचा प्रश्न त्यांना रोजच पडत असे. बदलत्या गिअरच्या निरनिराळ्या रचना त्यांनी स्वतःच्या सायकलीवर, स्वतःच्या पायांनी तपासल्या आणि निष्कर्ष लिहून काढले. साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या ज्या यंत्रणेला आज आपण डिरेल्युअर म्हणतो, तिच्या बाजूने जनमत तयार करण्यात या लेखनाचा मोठा वाटा आहे.

या विचाराला विरोध झाला तो शर्यतींच्या जगातून. १९०२ मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबाने डोंगराळ मार्गावर गिअरच्या सायकलींची परीक्षा घेतली. एडमाँ जाकलँ हा नामांकित शर्यतपटू एकाच गिअरच्या सायकलीवर उतरला, तर मार्त एस ही स्त्री तीन गिअरच्या ‘गोलवाज’ सायकलीवर. मार्त एसने त्याला मागे टाकले. यावर ‘लोटो’ या क्रीडापत्राचे संपादक आंरी देग्रांज यांनी जी प्रतिक्रिया दिली तिचा आशय असा, की गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय आहे. स्नायूंच्या बळावर जिंकायचे सोडून यंत्राच्या करामतीने जिंकण्यात कसला पुरुषार्थ? याच देग्रांजनी पुढच्या वर्षी, १९०३ मध्ये, ‘टूर द फ्रान्स’ सुरू केली. त्या शर्यतीत डिरेल्युअरला मुभा मिळाली ती १९३७ मध्ये. व्हेलोसियो १९३० मध्येच ट्रामच्या धडकेने वारले होते.

या वादाचा निकाल आपल्याला ठाऊक आहे. आज गिअर नाही अशी रस्त्यावरच्या शर्यतीची सायकल सहसा सापडणार नाही. परंतु वादातून एक सवय मागे राहिली, ती अधिक चिवट ठरली. गिअरचा शोध प्रवाशांनी पुढे रेटला आणि प्रतिष्ठा मात्र शर्यतीला मिळाली. म्हणून दुकानात ‘चांगली सायकल’ म्हणजे शर्यतीच्या सायकलीशी अधिकाधिक मिळतीजुळती सायकल, असे समीकरण रूढ झाले. शर्यतपटूच्या पाठीमागे सामानाची मोटार असते, त्याचे वय पंचविशीचे असते, आणि चढावर त्याला घाई असते. प्रवाशाच्या पाठीमागे त्याचेच दहा किलो सामान असते. त्याला हवा असतो तो खालचा गिअर, आणि नेमका तोच महागड्या सायकलींतही कित्येकदा नसतो.

आकड्यांत सांगायचे तर असे. आज सुरुवातीच्या शर्यतवजा सायकलींना साधारणतः पुढे लहान चक्र ३४ दातांचे आणि मागे मोठ्यात मोठे २८ किंवा ३२ दातांचे असते. ३४ आणि २८ धरल्यास सर्वांत हलक्या गिअरमध्येही पायाच्या एका फेऱ्याला अडीच मीटर जावे लागते. सामान बांधून ताम्हिणी उलट दिशेने चढताना सामान्य माणसाला हवे असते ते पावणेदोन मीटरच्या आसपास. फरक तीन पावलांचाही नाही. पण दिवसाला हजारो फेरे मारायचे असतात, आणि तो फरक अखेर गुडघ्यांतून वसूल होतो.

३.

इकडे आपल्याकडे हा वाद पोहोचलाच नाही; कारण आपल्याकडे आली ती तिसऱ्याच जातीची सायकल. काळी, उभ्या बसण्याची, दांड्याच्या ब्रेकची इंग्रजी ‘रोडस्टर’. दूधवाला, पोस्टमन, मास्तर, गिरणी कामगार यांची सायकल. मूळ रचनेत गिअर एकच. पुढे ४४ आणि मागे १८ दात धरल्यास पायाच्या एका फेऱ्याला साडेपाच मीटर. सपाटीवर उत्तम, घाटात अशक्य. परंतु या सायकलीच्या बांधणीत एक शहाणपण होते. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असत, कारण वजन मागे येते हे बनवणाऱ्याला माहीत होते. मागचे चाक सीटपासून लांब, चिमटा पुढे झुकलेला, कॅरिअर गॅसची टाकी पेलेल असे. खड्ड्यातून ती सावकाश, पण न कुरकुरता जाते. मडगार्ड आणि चेनकव्हर यांमुळे पावसात कपडे आणि चेन दोन्ही शाबूत राहतात.

जवळच्या कामासाठी असलेल्या सायकलीच्या या जमान्यात मुंबईच्या तरुणांनी जग पालथे घातले, हे आपल्याकडे व्हायला हवे तितके माहीत नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी प्रदक्षिणा पूर्ण करून मुंबईत परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यांचे प्रवासवर्णन १९३१ मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध झाले. त्यांच्या पाठोपाठ १९२४ मध्ये फ्रामरोज दावर निघाले, आणि १९३३ मध्ये आणखी तिघे. गोव्यात राहणाऱ्या अनुप बबानी आणि साविया व्हिएगस यांनी या सायकलस्वारांची छायाचित्रे आणि कहाण्या शोधून प्रदर्शन आणि पुस्तक या दोन्ही रूपांनी अलीकडच्या काळात पुन्हा लोकांसमोर आणल्या, म्हणून ही नावे आज उच्चारली जातात. मराठी प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमात शेजारच्या गल्लीतल्या या प्रवाशांना जागा नाही. ते इंग्रजीत लिहीत होते, हे खरे. पण ज्या शहरातून निघाले ते आपलेच होते.

त्या वेळी सायकली विलायतेहून येत. स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो असे कारखाने उभे राहिले, आणि सायकल ही नोकरदाराची आकांक्षा न राहता शेतमजुराच्याही आवाक्यातली वस्तू झाली. या कारखान्यांनी सायकल स्वस्त केली, तिचे सुटे भाग तर त्याहून स्वस्त केले. कोणत्याही तालुक्याच्या गावी तिचा टायर, ट्यूब, छर्रे, चेन मिळे. चाकाचा आउट काढणारा माणूस एस. टी. स्टँडसमोर बसलेला असे. डिसेंबर १९८५ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या बाबा आमट्यांनी ‘भारत जोडो’चा नारा देत कन्याकुमारीहून काश्मीरकडे कूच केले, तेव्हा त्यांच्याबरोबर शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होते. एवढ्या मोठ्या जथ्याने हा देश उभा ओलांडावा, ही कल्पना सुचायलाही सायकल दुरुस्त होणारच याची खात्री असावी लागते. ती खात्री त्या काळ्या सायकलीच्या परंपरेने दिलेली होती. ॲटलसचा शेवटचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता.

४.

‘दुरुस्त होणारच’ ही खात्री किती मोलाची, हे एका आयरिश बाईंना आधीच कळले होते. डर्व्हला मर्फी यांना दहाव्या वाढदिवसाला एक सायकल आणि एक नकाशांचे पुस्तक मिळाले, आणि आपण सायकलने हिंदुस्थानात जायचे असे त्यांनी तेव्हाच ठरवले. आजारी आईची शुश्रूषा संपेपर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ, तो बेत तसाच राहिला. जानेवारी १९६३ मध्ये, युरोपातल्या भयंकर हिवाळ्यात, त्या निघाल्या आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून जुलैमध्ये दिल्लीला पोहोचल्या. ‘फुल टिल्ट’ हे त्यांचे १९६५चे पुस्तक याच प्रवासाचे.

त्यांची सायकल होती ‘आर्मस्ट्राँग कॅडेट’ : पुरुषांची, पोलादी, सतरा किलोंच्या घरातली, सामान्य किंमतीची. तिला तीन गिअरची डिरेल्युअर यंत्रणा होती. निघण्यापूर्वी मर्फींनी ती काढून टाकवली. आशियातल्या रस्त्यांवर हे नाजूक प्रकरण टिकायचे नाही आणि मोडले तर दुरुस्त व्हायचे नाही, असा त्यांचा हिशेब. जादा टायर त्यांनी आधीच टपालाने वाटेतल्या इंग्रजी कचेऱ्यांकडे पाठवून ठेवले.

साठ वर्षे झगडून प्रवाशांनी मिळवलेला गिअर एका जातिवंत प्रवासिनीने पाना घेऊन काढून टाकावा, हे व्हेलोसियोच्या चाहत्याला रुचणार नाही. परंतु दोघांचा प्रश्न एकच आहे. वाटेत मला काय परवडेल? व्हेलोसियोच्या खिंडीखाली त्यांचे स्वतःचे दुकान होते. मर्फींच्या वाटेवर हिंदुकुश होता, आणि तिथे लोहार होते. मी स्वतः मर्फींशी सहमत नाही. घाट चढून आलेले गुडघे मला अधिक नाजूक यंत्र वाटतात. आज तर साधी डिरेल्युअर यंत्रणा जिल्ह्याच्या गावी मिळते, त्यामुळे त्यांचे कारणच उरलेले नाही. त्यांची कसोटी मात्र उरते : जो भाग मोडल्यावर वाटेत मिळणार नाही, तो लांबच्या प्रवासाला महागच, मग त्याची किंमत काही असो.

आपल्या सायकलीला मर्फी ‘रॉझ’ म्हणत. ते ‘रोसिनांते’चे लघुरूप. साहित्याच्या विद्यार्थ्याला डॉन किहोतेच्या त्या हाडे निघालेल्या घोड्याची ओळख करून द्यायला नको. किहोतेने तबेल्यातला उपलब्ध होता तोच घोडा घेतला, चार दिवस विचार करून त्याला भारदस्त नाव दिले, आणि निघाला. परवडणाऱ्या प्रवासी सायकलीची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही.

पोलादाविषयी आणखी एक साक्ष. जर्मनीचे हाइन्झ श्टुके १९६२ मध्ये तीन गिअरच्या पोलादी सायकलवर घराबाहेर पडले आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ फिरत राहिले. सहा लाख किलोमीटरांच्या पलीकडे. त्यांच्या सायकलीची फ्रेम अनेकदा मोडली, आणि दर वेळी जोडली गेली. पोलादाचा हा गुण कोणत्याही माहितीपत्रकात छापत नाहीत : ते मोडले, की ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मनुष्यही त्याला वेल्डिंग करून देतो. ॲल्युमिनियमला वेगळा कारागीर लागतो. कार्बनची फ्रेम घेऊन तर मोठे शहरच गाठावे लागते.

५.

खास प्रवासासाठीची सायकल फ्रान्स-इंग्लंडात हाताने बांधून मिळत असे, पण ती हौशी आणि सुस्थितीतल्या मंडळींची. कारखान्यातून ती मोठ्या प्रमाणात येऊ लागली अमेरिकेत. १९७६ मध्ये, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त, चार हजारांवर सायकलस्वार ‘बाइकसेंटेनियल’ या उपक्रमात उतरले. त्यांतल्या अनेकांनी ऑरेगनपासून व्हर्जिनियापर्यंत सारा खंड ओलांडला. या लाटेवर कारखान्यांनी प्रवासी सायकली काढल्या. ट्रेकची ‘५२०’ ही १९८३ची त्यांतली सर्वांत दीर्घायुषी.

तोवर कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारांवर वेगळेच घडत होते. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ बाजारात आली आणि ‘माउंटन बाइक’ या प्रकाराचे कारखान्यातले उत्पादन सुरू झाले. डोंगर चढायला खालचे गिअर हवे होते. या सुरुवातीच्या सायकलींनी ते प्रवासी सायकलींच्या भागांतूनच उसने घेतले. गिऱ्हाईक तिकडे वळले आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खास प्रवासी सायकलींची मागणी ओसरली. मग प्रवाशांनी काय केले? पहिल्या पिढीच्या, शॉकअप नसलेल्या, पोलादी माउंटन बाइक जुन्या बाजारात स्वस्तात येऊ लागल्यावर त्या घेतल्या, गुळगुळीत टायर चढवले, कॅरिअर बसवले, आणि निघाले. उसने दिलेले व्याजासह परत मिळाले म्हणायचे. २६ इंची चाकाचा टायर जगभर मिळत असल्यामुळे दूरदेशीच्या प्रवाशांची ती अनेक वर्षे पहिली पसंती राहिली.

स्टीव्हन्सचे उंच चाक, शिकागोत घेतलेली पुरुषांची स्टर्लिंग, मर्फींची गिअर काढलेली कॅडेट, डोंगरावरून उतरवलेली माउंटन बाइक : यांतली कोणतीही सायकल ती ज्या प्रवासाला गेली त्यासाठी बनवलेली नव्हती. दुसऱ्याच कामासाठी बनलेली वस्तू ओळखीने, बेताच्या पैशात, आपल्या कामाला लावण्याचा हा इतिहास आहे. लाखाची प्रवासी सायकल हे त्यातले एक सुरेख प्रकरण; पण तिच्यावाचून अडून बसलेला प्रवासी मला या इतिहासात भेटला नाही.

६.

पुढच्या आठवड्यात विद्यार्थिनी आली तेव्हा मी तिला कोणत्याही कंपनीचे नाव सांगितले नाही. चार गोष्टी लिहून दिल्या.

पहिली, मागच्या चाकाच्या आसाजवळ कॅरिअरचे स्क्रू बसतील अशी भोके फ्रेमला आहेत का, हे पाहा. नसतील तर ती सायकल कितीही देखणी असो, तुझ्या कामाची नाही. सामान पाठीवर घेऊन पाचशे-सहाशे किलोमीटर जाता येत नाही. दुसरी, पुढचा चिमटा साधा, ताठ असू दे. स्वस्त सायकलीवरचा शॉकअप दीड-दोन किलो वजन वाढवतो, चढावर जोर खातो आणि बिघडला की सहसा दुरुस्त होत नाही. खड्ड्यांचे काम ३५ मिलिमीटरच्या आसपास रुंद टायर चांगले करतो. तिसरी, दात मोज. साध्या हायब्रीड सायकलींना बऱ्याचदा पुढे २८-३८-४८ आणि मागे १४ ते २८ दात असतात. म्हणजे सर्वांत खालच्या गिअरमध्ये एका फेऱ्याला सव्वादोन मीटरांच्या जरा आत. मागचे फ्रीव्हील बदलून ३४ दातांचे बसवले, तर तेच अंतर पावणेदोन मीटरांच्या आसपास येते. तिथला डिरेल्युअर ३४ दात पेलतो का, एवढे मेकॅनिककडून तपासून घे. हा बदल सायकलीच्या किंमतीच्या मानाने अगदी किरकोळ खर्चाचा आहे आणि रेवस-रेडी रस्त्यावर प्रत्येक खाडीनंतर येणाऱ्या आखूड, उभ्या चढांवर त्याचे महत्त्व तुला कळेल. चौथी, मापाची सायकल घे. ‘लेडीज’ की ‘जेंट्स’ हा प्रश्न ॲनीने १८९४ सालीच निकालात काढला आहे.

आणि नवी सायकल घ्यायलाच हवी असे नाही, हेही सांगितले. पुण्यातल्या कित्येक सोसायट्यांच्या जिन्याखाली चांगल्या सायकली धूळ खात पडल्या आहेत. हौसेने घेतलेल्या, महिनाभर चालवलेल्या. किहोतेच्या तबेल्यापेक्षा ती परिस्थिती वाईट नाही.

तिने तसेच केले. तिच्या मामांच्या इमारतीतली एक साध्या चिमट्याची जुनी सायकल साडेसहा हजारांना मिळाली. टायर, फ्रीव्हील, ब्रेक, कॅरिअर धरून खर्च अकरा हजारांच्या आत राहिला. उरलेल्या पैशांतले काही तिने एका चांगल्या सीटवर घालावेत, हा माझा पाचवा सल्ला तिने मानला नाही. पंक्चर काढायला, चेन जोडायला आणि चाकाचा आउट काढायला मात्र ती कॉलेजजवळच्या सायकलवाल्या काकांकडे आठ दिवस बसून शिकली.

डिसेंबरात ती निघाली. दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्या तरीने ओलांडत दहाव्या दिवशी गोव्यात पोहोचली. लघुप्रबंधाचे तिसरे प्रकरण अजून यायचे आहे. त्याऐवजी तिने परवा मला वहीची वीस-बावीस पाने आणून दिली, रोजच्या रोज तरीच्या धक्क्यावर बसून लिहिलेली. पहिल्याच पानावर खर्चाचा तक्ता आहे, आणि त्याखाली एक ओळ : सीटबद्दल मॅडमचे ऐकायला हवे होते.